वेलीचं आयुष्य, बाजाराची हौस

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पहाटेचे पाच. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत तोडणी सुरू होऊन तास झाला होता. कपाळाला बॅटऱ्या लावलेल्या बाया ओळीओळीने पुढे सरकत होत्या. कात्रीचा बारीक आवाज आणि अधूनमधून क्रेट सरकवल्याचा आवाज, बाकी सगळं शांत. ऊन वर यायच्या आत माल वायनरीत पोचवायचा होता, कारण मणी गार असताना फोडले तर त्यांचा वास टिकतो. मी एका घडातला मणी तोडून तोंडात टाकला.

वाटाण्याहून थोडा मोठा मणी. साल जाड आणि चिवट. आत दोन बिया. आधी गोडी आली, तीही खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त. मागोमाग आंबटपणा आला. साल चावत राहिलो तशी जीभ आणि हिरड्या आखडल्या, जांभळं खाल्ल्यावर आखडतात तशा. बागेचे मालक शेजारी उभे होते. "हे खायचं द्राक्ष नाय, दादा," ते म्हणाले. "खायच्या मालात आपण गर बघतो. ह्याच्यात साल बघायची."

ते शिराझ होतं, आणि त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. जगातल्या बहुतेक सगळ्या वाइनच्या द्राक्षांचा गर बिनरंगाचा असतो. काळ्या द्राक्षाचा रस पटकन काढून सालीपासून वेगळा केला तर तो पांढराच निघतो. शँपेनमधला बराचसा रस पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा असतो, तो असाच. लाल वाइन करायची तर रस सालींबरोबर काही दिवस मुरू द्यावा लागतो. रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून, आणि वासाचा मोठा भागही सालीलगतच असतो. गराचं काम साखर आणि आंबटपणा देण्याचं. खायचं द्राक्ष साधारण १६ ते १८ ब्रिक्स साखरेला तोडतात, वाइनचं २२ ते २४ पर्यंत जाऊ देतात. यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल करतं. लिटरमागे सतरा ग्रॅम साखरेचं साधारण एक टक्का अल्कोहोल होतं. पण साखर चढत जाते तसा आंबटपणा उतरत जातो. तोडणीचा दिवस ठरवणं म्हणजे या दोन्हींचा मेळ जुळलेला दिवस पकडणं, आणि तो दिवस प्रत्येक वाणाचा वेगळा असतो.

बाटलीवरच्या नावांना माणसं बिचकतात. मणी डोळ्यांपुढे ठेवला की ती नावं सोपी होतात. काबर्ने सोव्हिन्योंचा मणी बारका, साल जाड, बिया मोठ्या. रसाच्या मानाने साल जास्त असल्यामुळे त्याची वाइन गडद आणि तुरट होते, आणि हाच तुरटपणा तिला वर्षानुवर्षं टिकवतो. मर्लोचा मणी जरा मोठा, साल पातळ, तो आधी पिकतो; वाइन मऊ लागते. पिनो न्वारची साल फारच पातळ आणि घड गच्च, त्यामुळे ओल धरली की कुजतो, ऊन लागलं की करपतो. थंड मुलखात, चांगल्या हातांत मात्र त्याची फिक्या रंगाची वाइन अशी नाजूक होते की तिच्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात.

वासाच्या बाबतीत आपली नाकं या विषयाला चांगली तयार असतात, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. शिराझमध्ये मिरीचा वास येतो असं लोक फार पूर्वीपासून म्हणत होते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो वास ज्याच्यामुळे येतो तो घटक शोधला. त्याचं नाव रोटुंडोन, आणि तोच घटक आपल्या काळ्या मिरीत असतो. सोव्हिन्यों ब्लांमधला हिरवा वास ढोबळी मिरचीतल्याच घटकाचा. काबर्ने कच्ची राहिली की तिच्यातही तो डोकावतो. जुन्या रीसलिंगला चक्क रॉकेलसारखा वास येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा दोष वाटेल, पण जाणकार त्यासाठीच ती बाटली दहा वर्षं ठेवतात. शार्दोनेला स्वतःचा असा ठाशीव वास जवळजवळ नाही. ओकच्या पिंपात ठेवली तर ती व्हॅनिला आणि भाजक्या लाकडाचा वास घेते. तिच्यातलं सफरचंदी आम्ल जिवाणूंकडून दह्यातल्या आम्लात बदलून घेतलं तर तिला लोण्याचा वास येतो. जशी करावी तशी होणारी म्हणून ती करणाऱ्यांची लाडकी, आणि पुढे पाहू तसं याच गुणाने तिचा घातही केला.

ही सगळी द्राक्षं एकाच प्रजातीची, व्हिटिस व्हिनिफेराची. आपली थॉमसनही त्यातलीच. जान्सिस रॉबिन्सन, जुलिया हार्डिंग आणि होसे व्हुइयामो यांच्या २०१२च्या जाडजूड ग्रंथात वाइनच्या १,३६८ वाणांची नोंद आहे. एवढे वाण आले कुठून? द्राक्ष उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. बी पेरलं तर नवीनच काहीतरी उगवतं, म्हणून वाण जपायचा तर काडी लावायची किंवा कलम करायचं. जगातली प्रत्येक काबर्नेची वेल अशी कुठल्याशा एका मूळ वेलीच्या काडीची काडी आहे. आणि कधीकधी वेलीच्या एखाद्याच डोळ्यात बदल होतो, त्या काडीवरचे मणी लांब येतात, रंग पालटतो. तासगावजवळच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडलेली तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाका या अशाच. फ्रान्समध्ये पिनोच्या बाबतीत नेमकं हेच झालं. काळ्या पिनो न्वारच्या काडीवर कधीतरी राखाडी-गुलाबी मणी आले, तो पिनो ग्री. पांढरे आले, तो पिनो ब्लां. बोरगावच्या मांडवाखाली जे घडलं तेच बर्गंडीच्या टेकडीवर काही शतकं आधी घडलं होतं. असा बदल ओळखायला रोज बागेत फिरणारे डोळे लागतात, दोन्हीकडे सारखेच.

बी रुजून झालेल्या अपघातांनी मोठमोठी घराणी निर्माण केली. १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनएवरून दाखवलं, की काबर्ने सोव्हिन्यों ही काळ्या काबर्ने फ्रां आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लां यांची संतती. दोनच वर्षांनी शार्दोनेचं मूळ सापडलं. एक पालक पिनो, म्हणजे खानदानी. दुसरा पालक गूए ब्लां, शेतकऱ्यांच्या घरी पिकणारा, हलका म्हणून हिणवलेला, ज्याची लागवड ठिकठिकाणी बंद करायचा प्रयत्न झाला तो वाण. तो वाण तेव्हा समूळ उपटला गेला असता तर शार्दोने जन्मालाच आली नसती. मला या सगळ्या विषयात याहून महत्त्वाचं काही वाटत नाही. कुठला वाण टाकाऊ, हे त्या त्या काळाचा बाजार ठरवतो, आणि बाजाराचा हा निकाल फार थोड्या वर्षांपुरता असतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. द्राक्षाच्या नावाने वाइन मागणं ही रीत जुनी नाही. युरोपात बाटलीवर गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असे: बर्गंडी, शाब्ली, बोर्दो, रिओहा. शाब्ली पिणाऱ्याला आपण शार्दोने पितोय हे ठाऊक असायची गरज नव्हती. कॅलिफोर्नियात मात्र गावांना कीर्ती नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फ्रँक शूनमेकर या व्यापारी-लेखकाने आग्रह धरला, की उसनी फ्रेंच नावं लावण्यापेक्षा बाटलीवर सरळ द्राक्षाचं नाव छापा. ती पद्धत रुजली, मग ऑस्ट्रेलिया, चिली, दक्षिण आफ्रिका, आपण, सगळ्यांनी ती उचलली. गिऱ्हाइकाची सोय झाली. पण त्याबरोबर द्राक्ष फॅशनच्या तावडीत सापडलं. गाव जुनं झालं तरी कुणी त्याचा कंटाळा करत नाही; द्राक्षाच्या नावाचा कंटाळा येऊ शकतो.

शार्दोनेचं तसंच झालं. २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत पहिली आली नापा खोऱ्यातल्या शातो मोंतेलेनाची १९७३ची शार्दोने, लालमध्ये तिथल्याच स्टॅग्ज लीपची काबर्ने. त्यानंतर जो तो या दोन वाणांच्या मागे लागला. पुढच्या वीस वर्षांत ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातून ओकने भरलेल्या, लोण्याच्या वासाच्या, जड शार्दोनेचा पूर आला. बेचव मालावरही लाकडाचा वास चढवून नाव शार्दोने लावलं की खपत होतं. अखेर लोक विटले, इतके की इंग्रजीत 'शार्दोने सोडून काहीही द्या' असा तीन आद्याक्षरांचा शब्दच रुळला. बिघडली होती ती बनवण्याची पद्धत. बदनाम झालं द्राक्ष.

रीसलिंगचं दुःख याहून मोठं आहे. १४३५ साली माइनकाठच्या रुसेल्सहाइमच्या हिशेबवहीत जिची नोंद सापडते, एकोणिसाव्या शतकात जिच्या वाइनला उत्तम बोर्दोच्या तोडीचा भाव मिळे, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त, गोडमिट्ट जर्मन वाइनच्या गर्दीत हरवली. त्या स्वस्त बाटल्यांत रीसलिंग फारशी नसेच. त्यातली वाइन बहुतेक म्युलर-थुर्गाव या भरघोस पिकणाऱ्या संकरित वाणाची असे. पण बाटलीचा आकार तोच, लांब मानेचा. गिऱ्हाइकाने आकार ओळखला आणि दोघींना एकाच पंक्तीला बसवलं. अजूनही कित्येकांना रीसलिंग म्हणजे गोडच असं वाटतं. मोझेलच्या उभ्या पाटीदगडी चढांवर दोराच्या आधाराने छाटणी करणारे लोक हे ऐकत आले आहेत आणि तरीही ती राखून आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मर्लोची कथा सगळ्यांत जास्त सांगितली जाते. नोव्हेंबर १९९१मध्ये अमेरिकेच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने सांगितलं, की फ्रेंच लोक एवढं लोणी-चीज खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो, आणि त्याचं कारण लाल वाइन असावं. दुसऱ्या दिवसापासून लोक लाल वाइन मागू लागले. नवख्या जिभेला काबर्ने कडक वाटे. मर्लो मऊ, उच्चारायला सोपी. दहा वर्षांत ती घराघरांत गेली, आणि मागणी पुरी करायला तिच्यासाठी योग्य नसलेल्या जमिनीतही लावली गेली. मग २००४मध्ये 'साइडवेज' हा अलेक्झांडर पेन यांचा चित्रपट आला. त्यातला नायक मर्लोचं नाव काढलं तरी भडकतो आणि पिनो न्वारवर मात्र जीव ओवाळून टाकतो. पुढे अर्थतज्ज्ञांनी विक्रीचे आकडे तपासले तेव्हा मर्लोला थोडी घसरण लागलेली दिसली आणि पिनोचा खप चांगलाच वाढलेला दिसला. मर्लोचा खरा घात आधीच्या दहा वर्षांतल्या वाटेल तिथे केलेल्या लागवडीने झाला होता. चित्रपटाने लोकांच्या मनातलं बोलून दाखवलं एवढंच. त्याच चित्रपटात नायक जी बाटली जिवापाड जपतो ती १९६१ची शव्हाल ब्लां, काबर्ने फ्रां आणि मर्लो मिळून बनलेली. फार थोड्या प्रेक्षकांच्या ते लक्षात आलं.

मर्लोशी जोडलेली आणखी एक हकिकत सांगायलाच हवी. चिलीमधली मर्लो इतर देशांतल्यापेक्षा वेगळी लागे, उशिरा पिके. २४ नोव्हेंबर १९९४ला ज्याँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच वेलतज्ज्ञ सांतियागोजवळच्या एका बागेत फिरत असता फुलोरा पाहून थबकले. ही मर्लो नव्हती, कार्मेनेर होती. बोर्दोचा हा जुना वाण १८६०नंतर अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्समध्ये जवळपास संपवला होता. कीड येण्याआधीच त्याच्या काड्या चिलीला पोचल्या होत्या, आणि ती कीड चिलीत कधी पसरली नाही. सव्वाशे वर्षं हा वाण दुसऱ्याच्या नावाने जगला. फ्रान्सने शेवटी आपले वाण वाचवले ते अमेरिकी खुंटावर कलम करून. आपल्याकडच्या बागाही आज अमेरिकी खुंटावरच उभ्या आहेत. मात्र आपण ते पाणीटंचाई आणि क्षारांसाठी केलं.

आता दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्याकडे वळतो, कारण या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते तिथे सगळ्यांत उघड दिसतं. जेम्स बझ्बी १८३२मध्ये युरोपातून शेकडो काड्या घेऊन ऑस्ट्रेलियात आला. त्यात शिराझ होती. बरोसात जर्मन बोलणाऱ्या निर्वासित शेतकऱ्यांनी ती लावली, आणि १८४०च्या दशकातल्या वेली तिथे अजून उभ्या आहेत. खोडं माणसाच्या मांडीपेक्षा जाड, पिळलेली, घड थोडे. १९७०च्या दशकाच्या शेवटी गिऱ्हाईक पांढऱ्या वाइनकडे वळलं, लालमध्येही काबर्ने मागू लागलं. शिराझ आणि ग्रेनाशला कुणी विचारेना. पीटर लेमन हे तेव्हा एका कंपनीत वाइन बनवत होते. कंपनीने त्यांना सांगितलं, यंदा शेतकऱ्यांकडून द्राक्षं घ्यायची नाहीत. लेमननी त्या शेतकऱ्यांना शब्द दिलेला होता. त्यांनी मित्रांकडून पैसा उभा केला, स्वतःचा कारखाना काढला, एका गोष्टीतल्या जुगाऱ्याच्या नावावरून त्याचं नाव मास्टरसन ठेवलं आणि माल घेतला. तरी सगळे वाचले नाहीत. १९८०च्या दशकात सरकारनेच जुन्या वेली उपटायला हेक्टरी पैसे देऊ केले. कर्जात असलेल्या शेतकऱ्यांनी ते घेतले. शंभर वर्षांच्या वेली ट्रॅक्टरला साखळी बांधून उपटल्या गेल्या.

पुढची दहा वर्षं उलटली नाहीत तोच जगाने बरोसाची शिराझ डोक्यावर घेतली. जुन्या वेली कमी घड देतात, त्यांचा रस दाट उतरतो, मुळं खोल गेलेली असल्यामुळे दुष्काळात तग धरतात. ज्या बागा कुणाच्या हट्टापायी राहिल्या त्यांच्या मालाला नंतर जो भाव आला तो उपटणाऱ्यांना स्वप्नातही आला नसता. नवीन शिराझ लावता येते, तिला तीन वर्षांत फळ येतं. शंभर वर्षांची शिराझ लावता येत नाही.

अर्जेंटिनात हेच, पण वाचवणारं कारण वेगळं. माल्बेक मूळची नैऋत्य फ्रान्समधल्या काओरची, जिथल्या वाइनला काळी वाइन म्हणत. १८५३मध्ये मिशेल पूजे या फ्रेंच तज्ज्ञाने मेंदोसात स्थापन झालेल्या रोपवाटिकेसाठी तिच्या काड्या नेल्या. १९५६च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीने फ्रान्समधल्या माल्बेकच्या बागा जळाल्या, बोर्दोत बहुतेकांनी ती पुन्हा लावलीच नाही. अर्जेंटिनातही १९८०च्या दशकात हजारो हेक्टर उपटले गेले, आणि १९९०च्या आसपास तिथे जेमतेम दहा हजार हेक्टर माल्बेक उरली. मग काही बागायतदारांनी ती अँडीजच्या उतारावर, दीड हजार मीटरपर्यंत उंच नेली. वर ऊन कडक, त्यामुळे साल जाड आणि रंग गडद. रात्री गार, त्यामुळे आंबटपणा टिकतो. आज अर्जेंटिनात चाळीस हजार हेक्टरांहून जास्त माल्बेक आहे आणि जगाला ती तिथलीच वाटते. काओरचे उत्पादक आता आपल्या बाटलीवर माल्बेक हे नाव मोठ्या अक्षरांत छापतात.

कॅलिफोर्नियातल्या जुन्या झिनफँडेलच्या वेली तर एका गोड गुलाबी वाइनने वाचवल्या. १९७५मध्ये सटर होमच्या बॉब ट्रिंचेरो यांच्या एका टाकीतलं आंबवणं मध्येच थांबलं, साखर उरली, आणि ती फिकी गुलाबी वाइन लोकांना फार आवडली. जाणकारांनी तिला नाकं मुरडली. पण तिच्या खपामुळे झिनफँडेलचे घड विकले जात राहिले, वेली मुळासकट निघाल्या नाहीत, आणि नंतर त्याच वेलींवरून गंभीर लाल वाइन करता आल्या. गोड वाइनला हसणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आकड्यांत पाहायचं तर १९९०मध्ये लागवडीच्या क्षेत्रात वाइनच्या वाणांत पहिली होती स्पेनच्या ला मांचातली आइरेन, जिचं नाव मराठी वाचकाने ऐकलं असण्याचं कारण नाही. काबर्ने आठवी होती. २०१०पर्यंत काबर्ने पहिली आणि मर्लो दुसरी झाली. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या २०१५च्या आकडेवारीत काबर्नेखाली सुमारे ३ लाख ४० हजार हेक्टर होते. वीस वर्षांत जगभरच्या शेतकऱ्यांनी स्वतःचे गावठी वाण काढून तीच पाच-सहा नावं लावली. यात जे गेलं त्याची मोजदाद कुणी नीट केलेली नाही.

महाराष्ट्रात ही कथा अगदी अलीकडे आली, पण द्राक्षाची फॅशन आपल्याला नवी नव्हती. नाशिकची भोकरी आणि फकडी आता जुन्या माणसांच्या बोलण्यातच भेटतात. मग अनाबेशाही आली, तिला थॉमसनने मागे टाकलं. वाइनच्या बाजूला १९८०च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच मदतीने फेसाळ वाइन करून निर्यात केली. १९९७ला राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली, २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली बाटली बाहेर पडली. हे दोन वाण का निवडले याला कारण आहे. युरोपात द्राक्ष पिकत जातं तसा शरद येतो आणि गारवा वाढतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. मणी थंडीत फुगतात आणि पिकायला लागतात तसं ऊन चढतं. आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून मुळात आंबट असलेला किंवा लवकर तोडता येणारा वाण हवा. शेनिन अशीच आहे. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात ती फार आंबट होते म्हणून तिच्यात गोडवा राखतात. दक्षिण आफ्रिकेत ती स्टीन या नावाने ब्रँडीसाठी राबली. नाशिकला तिच्यात थोडी साखर ठेवली की तिखट रश्शाबरोबर ती छान जाते. काबर्ने उशिरा पिकते, मार्चच्या उन्हात सापडते, तिला इथे जास्त सांभाळावं लागतं. शिराझ मात्र या मातीत रमली. पुढे अकलूजला फ्रातेल्ली वायनरीने इटलीची सांजोव्हेसे लावली, तीही रुळली आहे.

२००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले. कारखाने वाढले. शेतकऱ्यांना करार मिळाले, ठरलेला भाव मिळाला, आणि 'कॅबरनेट', 'शिराझ', 'सोविनो' हे शब्द चहाच्या टपरीवर आले. ज्यांच्या तीन पिढ्या खायचं द्राक्ष पिकवत होत्या त्यांनी मांडवाखालची थॉमसन काढून वाइनचे वाण चढवले. २००८च्या शेवटी मंदी आली, त्यात मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या राहिल्या. काही कारखान्यांनी माल उचलला नाही, काहींनी उचलला आणि पैसे थकवले. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. बारका, बियांचा मणी कोण घेणार? कित्येकांनी तीन-चार वर्षांच्या ऐन भरातल्या वेली काढल्या. बरोसात जे झालं तेच, फक्त सरकारी अनुदानाविना.

दिंडोरीच्या त्या बागेत सातच्या सुमारास उजाडलं, तेव्हा मालकांनी मला एका वेलीपाशी वाकायला सांगितलं. जमिनीलगत एक गाठ होती: खाली डॉगरिज, मूळचा टेक्ससचा जंगली खुंट, त्यावर २००५ला बांधलेलं काबर्नेचं कलम. तिच्या वीतभर वर दुसरी गाठ. २०१०ला निम्म्या बागेतली काबर्ने छाटून त्यांनी थॉमसन घेतली. उरलेल्या निम्म्यात, एका वायनरीने विचारलं म्हणून, काही वर्षांनी त्याच खोडावर शिराझ चढवली. मी दोन्ही गाठींवरून अंगठा फिरवला. खालची गुळगुळीत झाली होती, वरची अजून खरखरीत. "मुळं तीच हायेत," ते म्हणाले, "त्यांना काय फरक पडत नाय. वर काय ठेवायचं ते आपल्याला दर बारा-पंधरा वर्षांनी इचारायला येत्यात." आता कुणीतरी त्यांना टेम्प्रानियो लावा म्हणून सांगून गेलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी पांढऱ्याचेच दिवस येणार म्हणून शेनिन. त्यांनी माझं मत विचारलं. मी त्यांना लेमनची आणि साखळीने उपटलेल्या वेलींची हकिकत सांगितली. ते ऐकत होते, पण मधेच ट्रॅक्टर सुरू झाला आणि क्रेट मोजायला त्यांना जावं लागलं. जाता जाता त्यांनी दुसऱ्या गाठीच्या वरची दोन वितींची मोकळी जागा हाताने मोजली. एप्रिलच्या छाटणीपर्यंत ठरवायचं आहे, म्हणाले.